चोर्ला घाट, उसाची ट्रॉली आणि एक जळका क्लच

गाडी टोईंगवर आली नाही, स्वतःच्या पायांनी आली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडपुढं जागा अरुंद, म्हणून ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला. गाडी दोन क्षण तशीच उभी राहिली आणि मग कुणीतरी ढकलल्यासारखी मागं सरकली. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. ऑटोमॅटिक रिव्हर्सला असा विचार करायला लागली की आत काहीतरी शिजलेलं असतं.

फॉर्च्युनर, २०१३ची, टू-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक. तीन लिटर डिझेल, १७१ हॉर्सपॉवर, ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क आणि मागं चार गिअरचा ए३४०ई गिअरबॉक्स. मालक निपाणीकडचे बागायतदार, आम्ही त्यांना आबा म्हणतो. लेक गोव्यात दिली आहे, त्यामुळं महिन्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी ही वारी ठरलेली. आबांनी दार उघडायच्या आतच गाऱ्हाणं सांगितलं : "मिस्त्री, गाडीला ताकद न्हाई म्हणून चिप बसवली. आता ताकद हाय, पर गाडी चढंना."

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं, पण ते उलगडायला मला तीन आठवडे लागले.

त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. तो सोबत होता आणि त्याच्या मोबाईलमध्ये पार्टांची यादी तयार होती. बिलेट इनपुट शाफ्ट, हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर, जादा प्लेटांचं रेसचं क्लच किट, फुल शिफ्ट किट, ॲल्युमिनियमचं खोल ऑइल चेंबर, मोठा कूलर, रेसिंगचं ऑइल. सगळं परदेशातून मागवायचं. कस्टम ड्यूटी धरून बेरीज अडीच लाखांच्या पुढं जात होती. "काका, एकदाच काय ते भक्कम करून टाकू," तो म्हणाला. पोरगं अभ्यासू आहे, यादीतली एकही वस्तू बनावट किंवा टाकाऊ नव्हती. फक्त गाडीला काय झालंय हे कुणीच बघितलं नव्हतं.

मी यादी ठेवून घेतली आणि गाडी रॅम्पवर न घेता आधी रस्त्यावर घेतली. फर्स्ट ते सेकंड व्यवस्थित. सेकंडमधून थर्डला जाताना मात्र रेस, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, एकदम वर गेली, सातआठशेनं, आणि मग गिअर पकडला. थर्डमधून फोर्थ पुन्हा ठीक. शेडमध्ये परत आल्यावर घड्याळ लावून न्यूट्रलमधून गिअर टाकून बघितला. टोयोटाच्या हिशेबानं ड्राइव्हला १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्सला १.५ सेकंदांच्या आत गिअर पकडायला पाहिजे. ड्राइव्ह बसत होता, रिव्हर्सला अडीच सेकंद लागत होते. मग स्टॉल टेस्ट केली : चाकांना ओंडके, हँडब्रेक, पायाचा ब्रेक, आणि जास्तीत जास्त पाच सेकंद पूर्ण रेस. ड्राइव्हमध्ये काटा जिथं थांबला, त्याच्यापेक्षा रिव्हर्समध्ये जवळजवळ पाचशेनं वर गेला, म्हणजे रिव्हर्सला आत काहीतरी घसरत होतं.

आता इथं जरा थांबतो, कारण पार्ट निवडायचे ते इथूनच.

ए३४० घराण्याच्या गिअरबॉक्समध्ये कुठल्या गिअरला कोण काम करतं याचा तक्ता असतो. फर्स्ट आणि सेकंडला सी-वन हा पुढचा क्लच ओढतो. थर्ड आणि फोर्थला त्याच्या जोडीला सी-टू हा दुसरा क्लच येतो. रिव्हर्सला सी-वन नसतोच, तिथं सी-टू आणि बी-थ्री हा ब्रेक अशी जोडी असते. म्हणजे सेकंड ते थर्ड घसरतोय आणि रिव्हर्सही घसरतोय, तर दोघांत सामाईक कोण, तर सी-टू. संशय बी-थ्रीवर जाऊ शकतो, पण लीव्हर एलमध्ये टाकून उतारावर सोडल्यावर गाडीला इंजिनचा ब्रेक नीट लागत होता, आणि तो बी-थ्रीशिवाय लागत नाही. म्हणून बी-थ्री निर्दोष. सी-झिरो हा तिसरा क्लचही बाद, कारण तो पहिल्या तिन्ही गिअरना आणि रिव्हर्सलाही लागतो. तो दोषी असता तर खोड फक्त थर्डला आणि रिव्हर्सलाच दिसली नसती.

एकही नट न खोलता एवढं कळलं. गिअरबॉक्सच्या केसवर प्रेशर बघायला प्लग असतो, तिथं गेज लावला. त्याचा अडॅप्टर शेजारच्या हायड्रॉलिकवाल्यानं तासाभरात टर्न करून दिला. बेळगावात या बाबतीत आपण राजे आहोत. लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबणाऱ्या ऑइलचा मुख्य दाब, ड्राइव्हला बरोबर आणि रिव्हर्सला नियमाप्रमाणे त्याहून जास्त. पंप चांगला, रेग्युलेटर चांगला. म्हणजे दाब तयार होत होता, पण सी-टूपर्यंत पुरता पोचत नव्हता किंवा पोचून धरत नव्हता.

मग मी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. आबांपुढं तो बोलला नसता. "रिव्हर्समध्ये काय ओढता रे?" असं विचारल्यावर आधी "काय न्हाई" झालं. दुसऱ्यांदा विचारल्यावर हसला. गळीत हंगामात शेतातून ऊस निघताना भरलेली ट्रॉली चिखलात रुतते. ट्रॅक्टर एकटा काढू शकला नाही की फॉर्च्युनरच्या पुढच्या हुकाला दोर बांधायचा आणि रिव्हर्स टाकून रेस द्यायची. गेल्या हंगामात किती वेळा? "लई न्हाई, धा-पंधरा टायम."

उभ्या गाडीवर रेस दिली की टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा भाग, इंजिनचा टॉर्क सुमारे दुप्पट करून आत पाठवतो. थर्डला तो भार सी-वन आणि सी-टू वाटून घेतात, रिव्हर्सला तो अख्खा एकट्या सी-टूवर येतो. म्हणूनच तर कंपनीनं रिव्हर्सला प्रेशर वाढवून दिलंय. त्यातून चिपची भर. बाहेरून बसवायची ती डबी इंजिनला डिझेल जास्त पाजते, पण पेडल तेवढंच दाबलेलं असतं. गिअरबॉक्स प्रेशर ठरवतो ते पेडलच्या आणि त्याला दिसणाऱ्या भाराच्या हिशेबानं. खरा टॉर्क वाढलेला त्याला कळतच नाही. मग जादा टॉर्क, जुन्या हिशेबाचं प्रेशर आणि मधे क्लचच्या बिचाऱ्या कागदी अस्तराच्या प्लेटा.

टायरचाही वाटा होता. मूळ २६५/६५ आर१७ काढून पोरानं २८५/७० बसवले होते. गणित केलं तर मूळ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर, नव्याचा ८३१. म्हणजे सात टक्के उंच. घाटात गाडीला सात टक्के उंच गिअर लावल्यासारखं झालं, कन्व्हर्टर तेवढा जास्त वेळ घसरत राहिला आणि लॉक-अप, म्हणजे कन्व्हर्टर न घसरता थेट जोडला जाणं, त्याची वेळ लांबली. कन्व्हर्टर जिथं घसरतो तिथंच गिअरबॉक्सची बहुतेक उष्णता तयार होते.

खोलण्याआधी उष्णता मोजायची होती. मे महिना होता. कूलरकडं जाणाऱ्या नळीला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बांधला आणि पाच माणसं घालून साखळीहून चोर्ला चढायला घेतलं, लीव्हर टूमध्येच ठेवून, म्हणजे थर्डचा प्रश्न येऊ नये. काटा १४१ अंशांवर गेला तेव्हा मीच गाडी थांबवायला लावली. हे चेंबरमधलं तापमान नव्हे, कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलचं, ते नेहमीच जास्त असतं. तरी १४१ म्हणजे फार झालं. ढोबळ नियम असा की ८० अंशांच्या पुढं दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. वळणावर बॉनेट उघडून उभे होतो. आबा दगडावर बसून म्हणाले, "बैल असता तर पाणी तरी पाजलं असतं." मला त्या क्षणी यादीतला कुठला पार्ट पहिला घ्यायचा ते कळलं.

गिअरबॉक्स उतरवला. चेंबरच्या चुंबकावर काजळासारखा काळा लगदा होता, दोन बोटं भरून. ऑइलला करपलेल्या खोबऱ्याचा वास. सी-टूचा ड्रम खोलला तर चार फ्रिक्शन प्लेटांपैकी दोनचं अस्तर नखानं सोलून निघालं, आणि मधल्या स्टील प्लेटांवर निळे डाग. पण खरी गंमत पिस्टनमध्ये. केसमधल्या सी-टूच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारली. चांगला पिस्टन हवा मारल्यावर "ढप्प" करून बसतो. याचा आवाज आला "फुस्स". बाहेर काढला तर ओ-रिंग इतकी कडक की वाकवल्यावर तुटली. प्रेशर पोचून निम्मं तिथंच वाया जात होतं. अडीच लाखांच्या त्या यादीत सील किट कुठंच नव्हती.

आता निवड. आधी काय नाकारलं ते सांगतो, कारण त्यावरच पोराशी जास्त वाद झाला.

बिलेट शाफ्ट पहिल्यांदा उडवला. हाच ए३४०ई टोयोटानं सुप्रा टर्बोच्या टू-जेझेड इंजिनामागं लावला होता, आणि त्या इंजिनाचा टॉर्क चारशे न्यूटन-मीटरच्या वर होता. जीप चेरोकीत १९८७ पासून आलेला एडब्ल्यू-४ याच घराण्यातला. त्या दोन गाड्यांमुळंच तर या गिअरबॉक्सचे सुटे भाग जगात इतके मिळतात. आतल्या प्लेटांची संख्या गाडीगणिक बदलते, पण आमच्या शाफ्टवर ना पीळ, ना स्प्लाइनवर झीज. जो मोडत नाही तो बदलायचा कशाला?

हाय-स्टॉल कन्व्हर्टर तर इथं उलटा उपाय झाला असता. तो पेट्रोलच्या, वरच्या रेसवर ताकद देणाऱ्या इंजिनासाठी. आपलं डिझेल १४०० रेसपासूनच पूर्ण टॉर्क देतं, त्याला जास्त घसरणारा कन्व्हर्टर लावणं म्हणजे उष्णता विकत घेणं. जुनाच कन्व्हर्टर पुण्याला पाठवून कापून, लॉक-अपचं अस्तर बदलून, बॅलन्स करून आणला. कापायचं आणि वेल्डिंगचं काम बेळगावातही झालं असतं, पण बॅलन्सिंगला मी धाडस केलं नाही.

खोल चेंबरचा मोह मलाच जास्त होता. आपल्याकडं फाउंड्रीवाले मित्र आहेत, पॅटर्न करून ओतून घेऊ असं दोन दिवस डोक्यात घोळलं. पण दीडदोन लिटर जादा ऑइल म्हणजे तापायला जादा वेळ, एवढंच. चढ लांब असेल तर शेवटी ते त्याच तापमानाला जाऊन बसतं. शिवाय तळ खोल गेला की फिल्टरचं तोंडही खाली न्यावं लागतं, नाहीतर वळणावर पंप हवा ओढतो. सोडून दिलं.

जादा प्लेटांच्या किटवर मात्र खरा विचार करावा लागला. क्लचची धरण्याची ताकद चार गोष्टींवर ठरते : घासणाऱ्या बाजू किती, घर्षणाचा गुणांक किती, पिस्टनचा जोर किती आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चार प्लेटांच्या आठ बाजू. पाचवी घातली की दहा, म्हणजे त्याच प्रेशरला पंचवीस टक्के जास्त पकड. कागदावर एकदम आकर्षक. पण ड्रमची खोली तेवढीच, मग जागा करायला स्टील प्लेटा पातळ घ्याव्या लागतात. आणि गिअर पकडताना तयार झालेली उष्णता पहिल्यांदा गिळतं ते स्टीलच. पातळ स्टील लवकर निळं पडतं. जिथं मूळ रोगच उष्णतेचा, तिथं मी जाड स्टील ठेवायच्या बाजूनं गेलो. मूळ जाडीच्या नव्या स्टील प्लेटा आणि चारच फ्रिक्शन, पण जास्त उष्णता सोसणाऱ्या हाय-एनर्जी अस्तराच्या. रेसच्या गाडीला कदाचित उलटं केलं असतं. या प्लेटा मूळच्याइतकी मऊ शिफ्ट देत नाहीत हे आबांना आधीच सांगून ठेवलं. प्लेटा हरभऱ्यासारख्या रात्रभर ऑइलमध्ये भिजत घातल्या आणि फिलर गेजनं फट मोजून, पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या घट्ट बाजूला ठेवली.

बाकी सगळ्या क्लचांची आणि ब्रेकची सीलं, पंपाच्या रिंगा नव्या. त्यात काटकसर केली नाही.

कूलरवर सगळ्यांचं एकमत होतं. एसीच्या कंडेन्सरच्या पुढं जाळीदार प्लेटांचा कूलर बसवला. ऑइल गिअरबॉक्समधून आधी रेडिएटरच्या आतल्या कूलरमध्ये, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्समध्ये, असा क्रम ठेवला. होज हायड्रॉलिकच्या दुकानात क्रिंप करून घेतले. जुना रेडिएटर मात्र टाकून दिला. पोराला वाटलं मी खर्च वाढवतोय. पण जळक्या प्लेटांचा गाळ त्याच्या आतल्या नळीत बसलेला असतो, कितीही धुतला तरी थोडा राहतोच, आणि तो नव्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याच फेरीत येतो. दुसरं म्हणजे दहा वर्षांचा रेडिएटर आतून फुटला तर पाणी आणि कूलंट ऑइलमध्ये जातं, ऑइल गुलाबी दुधासारखं होतं आणि प्लेटांचा गोंद सुटतो. मी असे दोन गिअरबॉक्स बघितलेत, तिसरा बघायचा नव्हता. परतीच्या लाइनला चुंबकाचा छोटा फिल्टर लावला. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, पक्कं बिल घेऊन.

राहिली शिफ्ट किट, आणि इथं मी चुकलो.

किटमध्ये स्प्रिंगा असतात आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठं जायचं ते ठरवणाऱ्या ठोकळ्याच्या, मधल्या पत्र्यातली भोकं मोठी करायला दोन मापांची ड्रिल. लहान माप रोजच्या गाडीला, मोठं माप जड कामाला. रेग्युलेटरची स्प्रिंग बदलून प्रेशर दहाएक टक्क्यांनी वाढवलं, ते ठीक झालं. पण सी-टूच्या भोकाला मी मोठं ड्रिल मारलं. डोक्यात उसाची ट्रॉली होती. क्लच जितक्या लवकर पकडेल तितका कमी घासेल, हे खरंच. पण गाडी थंड असताना, हलक्या पायानं निघालं की सेकंड ते थर्डला दणका बसायला लागला. मागच्या सीटवरच्या आबांच्या मंडळींनी पहिल्याच फेरीत विचारलं, "मागनं कुणी धडकलं काय वो?" पोरगं मात्र खूश. "काका, आता कळतंय गाडी मजबूत झाली ते." दणक्याला ताकद समजणारी माणसं मी खूप बघितलीत. पण तो दणका पुढं प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये आणि डिफरन्शियलमध्ये जातो. आणि पत्र्याचं भोक मोठं करता येतं, लहान नाही करता येत.

दुसरा पत्रा जुन्या व्हॉल्व्ह बॉडीतून मिळायला दीड महिना गेला. नशीब एवढं की या गिअरबॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी खालून, चेंबर काढून उतरते. गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागला नाही. लहान ड्रिल मारून, सी-टूच्या ॲक्युम्युलेटरची, म्हणजे झटका सोसणाऱ्या पिस्टनची, स्प्रिंग मात्र किटचीच ठेवून बसवलं. शिफ्ट आता टणक आहे, पण धडक नाही. त्या मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, ऑइलचे घेतले.

चिपच्या बाबतीत अट घातली होती : डबी काढली तरच काम हातात घेतो. पोरगं नाराज झालं. आबांनी विचारलं, ती काढली की गाडी चढेल का? म्हटलं, चढेल, आधी चढत होती तशीच. आबांनी स्वतः प्लग ओढून डबी माझ्या टेबलावर ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चंही मी त्यांना सांगितलं, की कंपनीच्या मूळ नोंदीत बदल होईल असे फेरफार चालत नाहीत. पण खरं सांगायचं तर आबांवर परिणाम त्या कलमाचा झाला नाही, चोर्ल्याच्या वळणावर दगडावर बसावं लागलं त्याचा झाला. टायर झिजेपर्यंत राहू देत म्हणाले, पैसे दिलेत. ते मान्य केलं. ट्रॉली ओढायची तर मागच्या हुकाला दोर बांधून, लीव्हर एलमध्ये टाकून, आणि चाक फिरत नसेल तर पाच सेकंदांत पाय काढायचा, हे ड्रायव्हरला दोनदा म्हणायला लावलं. ओढूच नका म्हटलं असतं तर ऐकलं नसतं, हे मला माहीत आहे.

जुलैत पुन्हा तोच थर्मोकपल बांधून चोर्ला चढलो. ९६ अंश. पोरगं टाळ्या वाजवायच्या बेतात होतं, पण बाहेर धो धो पाऊस, कूलरवर पाण्याचे फवारे. तो आकडा मी वहीत लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या वर्षी मेमध्ये, पाच माणसं घालून, त्याच मोठ्या टायरांवर परत गेलो. ११२. जिथं आधी १४१ला थांबावं लागलं होतं, तिथून न थांबता वर चोर्ल्यापर्यंत आणि पुढं कणकुंबीत येऊन चहा.

त्याच वेळी चेंबर काढून बघितलं. चुंबकावर राखाडी रंगाचा पातळ थर होता, नव्या प्लेटांचा असतो तेवढाच. ऑइल लाल. आबांनी गुऱ्हाळावरनं गुळाची ढेप आणली होती, ती टेबलावर ठेवताना त्यांना कोपऱ्यातली चिपची डबी दिसली. उचलून दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत तिथंच ठेवली. ड्रायव्हर बाहेर गाडी काढत होता. रिव्हर्स टाकला तसा लगेच मागं आला.